न बोलता घ्यायची पुडी

दवाखान्याच्या फॉर्मवर नाव, वय, पत्ता झाला की एक प्रश्न हमखास असतो : सध्या कोणती औषधं सुरू आहेत? वर्षभरात मी हा फॉर्म तीन ठिकाणी भरला आणि तिन्ही ठिकाणी स्वच्छ अक्षरात 'नाही' असं लिहिलं. मी खोटं लिहीत नव्हते. आमच्या घरात पुडीला कोणी औषध म्हणतच नव्हतं.

मी सव्वीस वर्षांची आहे. नागपुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढते आणि कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत, आईबाबांबरोबर राहते. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, त्यामुळे मनातल्या मनात मी अजूनही बरंचसं इंग्रजीतच बोलते. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या कॉलनीतल्या ज्या घरांत ही पुडी जाते तिथल्या बायका मराठी वाचतात. त्यांच्यासमोर बसून सांगणं मला जमलं नसतं. दोनदा कुणाच्या तरी दारापर्यंत जाऊन परत आले आहे.

पुडी

कोराडीत खिडकीचा कट्टा सकाळी पुसला तरी दुपारी बोट फिरवलं की रेघ उमटते. मला लहानपणापासून शिंका आणि छातीत शिट्टी. डॉक्टरांनी इनहेलर दिला होता. बाबांना तो आवडत नसे. "एकदा लागला का सुटत नाही तो," असं ते म्हणायचे. हे वाक्य पुढे मला फार आठवलं.

बाबा केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या विभागात आहेत. तिथे दिवसभर लोखंडी जिने. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे इतके धरले की ते सुट्टी टाकू लागले. तेव्हा त्यांच्या शिफ्टमधल्या एकाने त्यांना कामठीच्या पलीकडे, एका खेड्यात बसणाऱ्या महाराजांकडे नेलं. पंधरा दिवसांत बाबा जिने चढायला लागले. वर्षभराने त्यांनी माझ्यासाठीही आणल्या. दम्याची वेगळी, गुडघ्याची वेगळी, असं सांगून. दिसायला दोन्ही सारख्याच होत्या. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात बांधलेली राखाडी भुकटी.

घेण्याचे नियम होते. सूर्य उगवताना एक आणि दिवेलागणीला एक. मधात कालवून, पूर्वेकडे तोंड करून. पुडी उघडल्यापासून वर पाणी पिऊन होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. आणि कोणत्याही डॉक्टरला सांगायचं नाही. "सांगतली का गुण जाते," असं महाराजांनी बाबांना सांगितलं होतं, आणि बाबांनी ते मला केंद्रातल्या सुरक्षेच्या नियमासारखं सांगितलं. हेल्मेट घालायचं, पट्टा बांधायचा, डॉक्टरला सांगायचं नाही.

पुडीने काम केलं, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. तिसऱ्या दिवशी शिंका थांबल्या. आठवड्यात शिट्टी गेली. कितीतरी वर्षांनी मी राखेच्या दिवसांतही खिडकी उघडी ठेवून बसले. पुडी नुसती राख असती तर कोणी दुसऱ्यांदा आणली नसती.

आई घेत नसे. मला कशाला, मला काही झालं नाही, म्हणायची.

तब्येत मानवली

वर्षभरात माझा चेहरा गोल झाला. कॉलनीतल्या काकू म्हणायच्या, नोकरी मानवली हो पोरीला. मी हसून पुढे जायचे. पोट वाढलं पण हातपाय काडीसारखे राहिले, हे कोणाला दिसत नव्हतं, कारण मी ओढणी घेते. पोटावर जांभळ्या रेघा उमटल्या होत्या. पर्सचा पट्टा जिथे टेकतो तिथे निळे डाग पडायचे. आंघोळीच्या वेळी मी ते बघायचे आणि कपडे घालून बाहेर यायचे.

मग छाती धडधडू लागली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. वर पोहोचल्यावर मी टेबलापाशी न जाता आधी पाण्याच्या मशीनपाशी उभी राहायचे, म्हणजे धापा लपायच्या. पहाटे चारला जाग यायची, आणि ती अशी, की जणू कोणीतरी माझं नाव घेऊन जोरात हाक मारली आहे. घर शांत असायचं. फक्त कानात ठोके.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, कामठीला राहते आणि रविवारी येते. ती काहीच मनात ठेवत नाही.

"काहून वं रेवू, ऑफिसात दिवसभर खाऊनच राहिली का तू?"

"नाही आत्या."

"मंग एवढी फुगली कशी? आन् तोंड असं लाल काहून दिसून राहिलं?"

मी बशीतल्या चिवड्यातले दाणे वेचत राहिले. आत स्वयंपाकघरात गेल्यावर ती आईला म्हणाली, आणि तिचं हळू बोलणंसुद्धा बैठकीत ऐकू येतं, "पोरगी काही तरी लपवून राहिली. फोन पाह्य तिचा."

आईने फोन पाहिला असावा. तो चार्जरला उलटा लावलेला सापडला, आणि मी तो कधीच उलटा लावत नाही. काही दिवसांनी पोळ्या लाटताना तिने विचारलं, पाळी कधी आली होती. मी म्हटलं, तीन महिने झाले. लाटणं थांबलं. दुसऱ्या दिवशी ती बसने नागपुरात, सदरला जाऊन आली. कॉलनीतल्या औषधाच्या दुकानात मागायची नव्हती ती वस्तू. तिने ती माझ्या टॉवेलखाली ठेवली. मी वापरली आणि निकाल ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिला. काही नव्हतं, असूच शकत नव्हतं. त्याबद्दल आम्ही दोघी आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही.

त्या दिवसापासून मात्र मी घरात सगळ्यांकडे जरा लांबून बघायला लागले.

डबल ड्यूटी

ऑफिसात एकदा जिन्यावरच बसून राहिले, तेव्हा सहकारी मैत्रीण मला खालच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब तीनदा मोजला. फॉर्मवर 'नाही' लिहिलं ते पहिल्यांदा इथे. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे दुसऱ्यांदा.

हृदयाच्या डॉक्टरांवर माझा विश्वास बसला नाही. ते फार पटकन बोलत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक तपासणी असे. बाहेरच्या लॅबच्या पाटीवर त्यांचंच आडनाव आहे का, ते मी बघितलं. नव्हतं. तरी समाधान झालं नाही.

त्यांनी दंडाला चोवीस तासांचं रक्तदाबाचं यंत्र बांधलं. दर अर्ध्या तासाने ते आपोआप हवा भरतं, दंड आवळतं आणि सोडतं. कोराडीच्या बसमध्ये ते घुर्र करून फुगलं तेव्हा शेजारची बाई एकदम सरकली.

"काय हाये वं ते पोरी?"

"बीपीचं मशीन."

"एवढ्या लहानपणी?" तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र नाही हे बघून घेतलं. "लग्नाचं टेन्शन घेऊन नोको राहू. होते सगळं."

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी कागद आमच्यासमोर धरला. दिवसाची रेघ वर, आणि रात्रीची रेघही तेवढीच वर. मी रोज रेघा काढते. जिथे उतार हवा तिथे सपाट रेघ दिसली की ड्रॉइंग चुकलेलं असतं, एवढं मला कळलं.

"झोपेत रक्तदाब खाली यायला हवा," डॉक्टर म्हणाले. "तेवढाच हृदयाचा आराम. हिचा येतच नाही. सोनोग्राफीत हृदयाची भिंत किंचित जाड झालेली दिसते. या वयात व्हायला नको."

बाबांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे रिलीव्हर येऊनच नाही राहिला."

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. केंद्रात पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला नाही तर आधीच्याला जागा सोडता येत नाही. त्याला तशीच दुसरी शिफ्ट ओढावी लागते. डबल ड्यूटी. बाबांनी ऐन तारुण्यात अशा पुष्कळ केल्या आहेत.

"हां, तसंच," डॉक्टर म्हणाले. "आता रिलीव्हर का येत नाही ते शोधू." आणि त्यांनी हार्मोनच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. परत एक तपासणी, मी मनात म्हटलं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही दोघांनी, बाबांनी आणि मी, पूर्वेकडे तोंड करून, न बोलता पुडी घेतली.

सकाळी आठचं रक्त

हार्मोनच्या डॉक्टर मॅडम हळू बोलतात. त्यांनी माझा चेहरा बघितला, मग मनगट, मग दंडावरचे निळे डाग. कुठेही दाबून विचारलं नाही. रक्त मात्र सकाळी बरोबर आठला द्यायचं म्हणाल्या, नऊला नाही. आईबरोबर मी पहिल्या बसने गेले. तिसरा फॉर्म. 'नाही.'

रिपोर्टच्या दिवशी मी एकटी होते. मॅडमनी कागद टेबलावर सरळ केला.

"शरीरात ताण पेलणारा एक हार्मोन असतो, कॉर्टिसोल. तुझा चेहरा, पोट, रक्तदाब सगळं सांगतंय की तो तुझ्यात जास्त आहे. आणि हा रिपोर्ट सांगतो की सकाळी आठला, जेव्हा तो सगळ्यांत वर असायला हवा, तेव्हा तो जवळजवळ नाहीच. दोन्ही खरं असायला एकच वाट आहे. तू बाहेरून काहीतरी घेते आहेस."

"नाही."

"गोळी, इंजेक्शन, चेहऱ्याचं क्रीम, जिममधली पावडर?"

"नाही मॅडम."

"कोणी दिलेली भुकटी, काढा?"

इथे मी गप्प झाले. 'सांगतली का गुण जाते.' पण तेवढंच कारण नव्हतं. मला वाटलं, ही बाई मला खोटारडी म्हणते आहे. आई टॉवेलखाली वस्तू ठेवते, आत्या फोन बघायला लावते, आणि आता ही. "नाही," मी म्हटलं. मॅडमनी रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "आठवलं तर फोन कर. एक मात्र लक्षात ठेव. काही घेत असशील तर एकदम बंद करू नकोस. मला विचारल्याशिवाय नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं. आज शपथेवर सांगू शकते की ऐकलं होतं. पण ज्या माणसावर आपला विश्वास नसतो त्याचं आपण अर्धंच घेतो.

बसमध्ये मी मागचं आठवू लागले. गेल्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या लग्नाला आई आणि मी अमरावतीला गेलो तेव्हा पुड्या घरीच राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मला मळमळ, अंगात त्राण नाही. सगळे म्हणाले, लग्नातलं जेवण बाधलं. घरी येऊन पुडी घेतली आणि तासाभरात उठून बसले. तेव्हा मला ते पुडीचं मोठेपण वाटलं होतं. आता तीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. कोराडीचं धुराडं दिसेपर्यंत माझा निश्चय झाला होता. संशय सगळ्यांवर घेऊन झाला होता. पुडी तेवढी राहिली होती.

मी कोणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. बाबांना सांगितलं तर ते महाराजांकडे जातील. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणतील, बघ, खोटं बोललीस. म्हणून मी एकटीनेच तपासायचं ठरवलं. पुडी बंद करायची आणि बघायचं काय होतं ते.

लपवायला काहीच कष्ट पडले नाहीत. पुडी घेताना कोणी बोलत नाही, कोणी बघत नाही. मी पूर्वेकडे तोंड करून नुसताच मध चाटायचे, आणि पुडी ड्रॉइंगच्या लांब नळीत टाकून झाकण लावायचे.

पाचवी सकाळ

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मला जरा अभिमानच वाटला. तिसऱ्या दिवशी शिंका परतल्या. चौथ्या दिवशी डबा उघडला आणि वासाने पोटात ढवळलं. पाचव्या सकाळी मी मधाची बाटली घ्यायला उठले आणि भिंत तिरकी झाली. मग फरशी गालाला गार लागली. आईची हाक लांबून आली, जशी पहाटेची हाक यायची तशी, पण ही खरी होती.

केंद्राच्या दवाखान्यातून गाडी मिळाली. इतके महिने वर राहिलेला रक्तदाब आता मोजण्याएवढाही राहिला नव्हता, असं नंतर कळलं. मला आठवतं ते तातडीच्या विभागातलं पांढरं छत, पायाशी बाबा, चपला तशाच उलट्या घातलेल्या, आणि एका तरुण डॉक्टरचा प्रश्न. तोच प्रश्न.

"काही औषध सुरू होतं का? नीट आठवून सांगा."

"पुडी," मी म्हटलं. "दोन वर्षं. पाच दिवसांपूर्वी बंद केली."

डॉक्टर सिस्टरकडे वळून भराभर काही बोलले आणि इंजेक्शन आलं. पण माझं लक्ष बाबांकडे होतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य जे निघालं ते हे :

"सांगतली काहून?"

आई त्यांच्याकडे वळली. माझ्या सव्वीस वर्षांत मी तिला त्यांच्याशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "पोरगी मरून राहिली न् तुमाले गुणाची पडली?"

बाबा बाहेर जाऊन उभे राहिले.

वॉर्ड

मी सहा दिवस तिथे होते. पाचला दिवे लागायचे, सहाला सिस्टर रक्तदाब बघायची, साडेसहाला चहावाल्याची किटली, आणि मग डॉक्टर येईपर्यंत सगळा वॉर्ड केस विंचरून बसलेला. मला सगळ्याचा संशय यायचा. सलाईनची बाटली बदलली की मी तिच्यावरचं लेबल वाचायचे. सिस्टर चिडली नाही. भंडाऱ्याकडची होती, माझ्याच वयाची. तिसऱ्या दिवशी ती बाटली आणून आधी माझ्यासमोरच धरायला लागली. "वाच बाप्पा, मंग लावतो." माझे केस सहा दिवसांत तिने दोनदा विंचरून दिले. मी तिला नीट थँक यूसुद्धा म्हटलं नाही. ते इथे म्हणते.

तीच एकदा सकाळी पट्टा सोडवताना म्हणाली, "रातचं बीपी खाली आलं होतं तुझं. झोपलं होतं ते. तू बी झोपत जा आता."

चौथ्या दिवशी आई खुर्चीत मोसंबी सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "मले तं पहिल्यापासूनच भेव वाटे त्या पुडीचं. म्हणून मी नाही घेतली."

"मग मला का घेऊ दिलीस?"

तिने फोडीवरचं पांढरं पूर्ण काढलं. "तुझे बाबा म्हणले म्हणून."

मी फोड घेतली. आंबट होती. मला वाटतं, आजारपणातली सगळ्यांत दुखरी गोष्ट कोणती, असं कोणी विचारलं तर मी सुया सांगणार नाही, हे सांगेन.

मॅडम काय म्हणाल्या

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणारी सगळी माणसं 'नाही' म्हणतात. मीच पुडी असा शब्द वापरायला हवा होता."

मग त्यांनी मला कागदावर एक रेघ काढून दाखवली. पहाटेपासून चढणारी, जाग येण्याच्या सुमाराला सगळ्यांत वर, मग दिवसभर उतरत मध्यरात्री तळाला. निरोगी माणसात हा हार्मोन असा चालतो. सकाळी तो शरीराला उठवतो, रात्री तो मागे सरतो तेव्हा रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदय हळू चालतं. माझ्या पुडीत स्टेरॉइड असणार, म्हणजे त्याच हार्मोनचा बाजारातला, कितीतरी जोरकस भाऊ. सकाळी घ्यायची, आणि वर दिवेलागणीला. म्हणजे दिवस मावळताना मी शरीराला रोज सांगत होते की आत्ताच उजाडलं. माझ्या हृदयाला दोन वर्षं रात्रच झाली नाही. आणि बाहेरून इतकं मिळतंय म्हटल्यावर शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलं. म्हणून सकाळी आठचं रक्त रिकामं. म्हणून पाचवी सकाळ.

"पण पुडी तपासल्याशिवाय कसं म्हणता?" मी विचारलं.

त्या हसल्या. "तपासायला देऊ. मी शपथ घेत नाही. पण तुझं शरीर दोनदा साक्ष देऊन गेलंय."

नळीतल्या पुड्या मी त्यांना दिल्या. अहवाल अजून यायचा आहे.

आता मी एक गोळी घेते, सकाळी सातला मोठी आणि दुपारी दोनला लहान, आणि दर काही आठवड्यांनी मॅडम ती थोडी कमी करतात. तिच्या पाकिटावर तिचं नाव आहे, किती आहे ते आहे. पहिल्या दिवशी मी ती हातात धरून बसले होते, कारण मॅडमनी लपवलं नव्हतं की हीसुद्धा त्याच घराण्यातली आहे. फरक एवढाच, की ही दिवस आणि रात्र ओळखून दिली जाते आणि तिच्याबद्दल बोलायची बंदी नाही. पर्समध्ये एक कार्ड असतं : ही स्टेरॉइडवर आहे, एकदम बंद करू नका. शिंकांसाठी परत इनहेलर आला आहे. चेहरा हळूहळू ओसरतो आहे. चोवीस तासांचं यंत्र परत लावलं तेव्हा रात्रीची रेघ थोडी उतरली होती. पूर्ण नाही.

बाबा

बाबांचाही चेहरा गोल आहे. मला तो इतकी वर्षं सुखाचा वाटत होता. त्यांच्या हातांवर निळे डाग आहेत, ते म्हणायचे लोखंडाला लागते. एक वर्षापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. घरी आल्यावर मी हे सगळं एका संध्याकाळी बघितलं, आणि मग दुसरं काही बघूच शकले नाही.

मी त्यांना सांगितलं. जेवताना, ताटाकडे बघत. "बाबा, तुम्हीही मॅडमना दाखवा. पण त्याआधी एकदम बंद करू नका."

"सोडली मी," ते म्हणाले. "तुले दवाखान्यात नेलं त्या दिवशीच सोडली."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवसाला तीन आठवडे झाले होते. माझ्या पाच दिवसांत जे झालं ते त्यांना जिन्यावर झालं तर? खाली पट्टा चालू असतो.

दुसऱ्या सकाळी मी खिडकीतून बघितलं. ते सायकल काढून, पाय टाकून, सरळ निघून गेले. संध्याकाळी आले, दोन मजले चढले, धाप नाही. तिसऱ्या दिवशीही तसंच. त्यांना मळमळ नव्हती, चक्कर नव्हती, गुडघेही दुखत नव्हते. हे बघून मला जे वाटलं ते लिहायला विचित्र आहे. ते खोटं बोलत होते, आणि मला बरं वाटलं. माझे वडील मला फसवत आहेत म्हणून ते उभे आहेत, असं रोज खिडकीशी उभी राहून मी स्वतःला सांगत होते.

पण असं किती दिवस चालवणार. महाराज एक दिवस उठून गेले, पोलीस आले, पाऊस आला, पुडी मिळाली नाही, की पाचवी सकाळ. आणि मिळत राहिली तर हृदयाची भिंत. मी चार दिवस वाक्य जुळवलं. शेवटी ते दाढी करत असताना आरशातच त्यांच्याशी बोलले, कारण सरळ बघून मला जमत नाही.

"तुम्ही सोडलेली नाही, बाबा. मला माहीत आहे. मला राग नाही. मला फक्त सकाळी आठचं रक्त पाहिजे तुमचं."

वस्तरा गालावर थांबला. "मले गुडघ्यानं बसवलं तं घर कोण चालवल?"

"डबल ड्यूटी करून करून माणूस पडतो, ते तुम्हीच सांगितलंय."

"तुह्यासाठी आणली होती मी ते," ते म्हणाले. आरशातून नजर काढली. "शिट्टी वाजे तुह्या छातीत. रात्रभर. मले ऐकू येत होती."

 मला ती रात्र त्यांच्या बाजूने कधी दिसली नव्हती.

सोमवारी आम्ही पहिली बस धरली. मॅडमच्या सांगण्यावरून त्यांनी सकाळची पुडी रक्त देईपर्यंत घ्यायची नव्हती, एवढंच. लॅबच्या घड्याळात आठला पाच कमी होते. लॅबमधल्या मुलीने फॉर्म पुढ्यात घेतला. नाव, वय, पत्ता.

"काका, सध्या काही औषध चालू आहे?"

"बीपीची गोळी. बाकी नाही," बाबा म्हणाले. सवयीने.

मी जमिनीकडे बघत होते. मी एक शब्दही बोलणार नव्हते, ते मी बसमध्येच ठरवलं होतं. मुलीने पेन टेकवलं. बाबांनी घसा खाकरला, शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि वर्तमानपत्राची चौकोनी पुडी काढून फॉर्मवर ठेवली.

"हे लिहा," ते म्हणाले. "नाव नाही याले. तीन वर्षं झाले. रोज दोन."

मुलीने पुडी उलटी करून पाहिली. "हे कशाचं आहे काका?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तेही लिहा. माहीत नव्हतं म्हणून."

तिने लिहून घेतलं. बाबांनी बाही वर केली आणि हात पुढे केला.